नानांचा गुणगुणता डबा

एखादी वस्तू पन्नास वर्षं टिकली की तिच्यावर धूळ बसते, तशा गोष्टीही बसतात. धूळ आमची सुनंदा दर रविवारी पुसते. गोष्टींना फडकं चालत नाही, त्या साचतच जातात. त्यातून ती वस्तू आवाज करणारी असेल आणि तिच्याभोवती दोन-तीन हौशी कलावंत जमत असतील, तर विचारूच नका!

माझ्याकडे गिटारचा एक जुना ॲम्प्लिफायर आहे. ट्रान्झिस्टरवाला, म्हणजे जाणकारांच्या भाषेत सॉलिड स्टेट. काळं रेक्झिन, चंदेरी जाळी, सहा नॉब, एक लाल दिवा. वजन एवढं की उचलणाऱ्याला कंबर कुठे असते ते नेमकं कळतं. सुनंदा, म्हणजे माझी बायको, त्याला पहिल्या दिवशी 'डबा' म्हणाली आणि आता आम्ही सगळेच म्हणतो.

आम्ही म्हणजे तिघं. मी दिलीप, जळगावच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट, गिटार वाजवतो. बबन मूळचा भडगावचा, ठिबकच्या नळ्या विकतो. बेस गिटार वाजवतो, म्हणजे गळ्यात अडकवतो. प्रमोद सर गणित शिकवतात आणि गातात, आणि दोन्ही ठिकाणी मागच्या रांगा रिकाम्या होतात. ड्रमच्या जागी एक मशीन आहे. आमच्यात तालात असणारं तेवढंच एक.

बबनच्या बेसची सगळ्यात जाडी तार कायम उतरलेली असते. "अरे, लाव की ती!" म्हटलं की त्याचं ठरलेलं उत्तर, "बेस कोणले ऐकू येस, भो?" कोणाला ऐकू येतो! ह्या एका वाक्यावर त्यानं बारा वर्षं काढली.

*

डबा मूळचा नानांचा. नाना धुळ्याचे. दिवसा बसगाड्यांच्या वर्कशॉपात नोकरी, संध्याकाळी स्वतःच्या ऑर्केस्ट्रात गिटार. धुळ्यात लोक गिटारला "ही कुठली सतार?" विचारायचे, त्या काळात हा माणूस मुंबईला जाऊन बोटीवरच्या एका वादकाकडून हा डबा घेऊन आला, बसच्या टपावर बांधून. मला गिटार त्यांनीच शिकवली. माझ्या वाजवण्यावरून त्यांच्या शिकवण्याची परीक्षा करू नका, ही विनंती.

नाना थकले. पुण्याचा मुलगा आला, त्यानं डब्याचे चारही बाजूंनी फोटो काढले आणि डबा विकायचा म्हणून ते ऑनलाइन टाकले. आईबापाचे एवढे फोटो त्यानं जन्मात काढले नव्हते. दुसऱ्याच दिवशी नाना टेम्पोत डबा घालून जळगावला, माझ्या दारात हजर!

"ठेव तुन्हाजोडे," म्हणाले. पण अट घातली. "येले हात लावू नको. जसा शे तसा ठेव. दर खंडेनवमीले मी येसू. बदलेल दिसना, तर उचली लई जासू."

म्हणजे डबा माझ्याकडे राहणार, पण दरवर्षी तपासणी होणार. बदललेला दिसला की उचलून नेणार. बँकासुद्धा इतकं करत नाहीत!

बदलण्यासारखं त्यात होतं काय? एक गुणगुण. डबा चालू केला की आतून सतत, बारीक, "म्म्म्म" असा आवाज येतो. येणारा प्रत्येक माणूस सांगतो, "ह्याची हमिंग काढून टाका." मीही पहिल्याच दिवशी म्हणालो होतो. नाना माझ्याकडे असे बघायला लागले, की मी जणू त्यांचं नाक काढून टाकायला निघालोय. "तो श्वास घेस," म्हणाले. विषय संपला.

आता मनातलं सांगतो. मी अगदी सुमार वादक आहे. पण त्या डब्यातून वाजवलं की आवाजाला एक गोल कड येते आणि दोन-चार मिनिटं मला वाटतं, जमतंय आपल्याला. ती दोन-चार मिनिटं गेली तर माझ्याकडे उरतात लॅबमधले लंबक. डबा परत गेला असता तर मी गिटार माळ्यावर टाकली असती, हे मी सुनंदालाही सांगितलेलं नाही.

*

नानांची तपासणी कशी असते ते एकदा सांगून टाकतो, म्हणजे पुढं बरं.

खंडेनवमीला आम्ही माझ्या घरी सगळी वाद्यं मांडून पूजा करतो आणि मग थोडं वाजवतो. नाना सकाळच्या गाडीनं धुळ्याहून येतात. कापडी पिशवीत शेव, खिशात कानाचं मशीन. कानाचं मशीन खिशातच असतं! त्यांना कमी ऐकू येतं हे सगळ्यांना माहीत आहे; किती कमी, ते त्यांनी कधी कोणाला कळू दिलं नाही. एका वर्षी कुकरनं शेजारीच तीन शिट्ट्या मारल्या, प्रमोद सर दचकून उठले, नाना शांतपणे पेपर वाचत होते.

तर आल्या आल्या ते कोणाकडे बघत नाहीत. डबा चालू करतात. लाल दिवा लागतो. मग म्हणतात, "पानी आन." सुनंदा स्टीलच्या ग्लासात काठोकाठ पाणी आणते. ते पाणी नाना पीत नाहीत. डब्यावर ठेवतात! पुढं स्टूल घेऊन मान वाकवून बसतात. मिनिटभरानं म्हणतात, "बराबर शे."

झाली तपासणी.

"विजेच्या वस्तूवर पाणी ठेवतात का हो?" सुनंदा दरवर्षी मला आत बोलावून विचारते. मी म्हणतो, "म्हातारं माणूस, चालायचंच." मग ती ते पाणी तुळशीला घालते.

नंतर नाना मला एक गाणं वाजवायला लावतात आणि मी वाजवत असताना भिंतीवरचं कॅलेंडर वाचतात. नोव्हेंबरपर्यंत वाचतात. मला फार लागायचं ते. गुरूनं शिष्यापेक्षा अंगारकीच्या तारखेत जास्त रस घ्यावा!

*

पहिल्याच खंडेनवमीची गोष्ट. पूजा सुनंदानं केली. मनापासून केली. सहाही नॉबना हळद-कुंकवाची बोटं, जाळीला झेंडूचा हार, वर नारळ. नाना खूश. तपासणी पास.

जेवणं झाली, मी गिटारची पिन घेतली आणि डब्यात खुपसायला गेलो. जाईना! दुसऱ्या भोकात घातली. तिथंही जाईना. बबन म्हणाला, "जोर लाव." बबनचा जगातल्या सगळ्या अडचणींवर हाच उपाय आहे.

शेवटी सुनंदा म्हणाली, "अहो, त्यात अक्षता आहेत."

"कशात?"

"भोकांत. देवाला वाहतात, तशा वाहिल्या. ओल्या कुंकवातल्या होत्या, चिकटल्या असतील."

चाळीसगावहून शिरीषभाऊंना बोलवावं लागलं. शिरीषभाऊ म्हणजे पूर्वी टीव्ही, आता मिक्सर, इन्व्हर्टर, काहीही दुरुस्त करणारा माणूस; आणि दुरुस्त करताना पेशंटच्या नातेवाइकांना झापणारा माणूस. त्यांनी चिमट्यानं एकेक दाणा काढून बशीत ठेवला. एकवीस निघाले. मग सुनंदाकडे बघून म्हणाले, "वहिनी, अजून थोडं पाणी घातलं असतं तर पुलाव मिळाला असता."

सुनंदा म्हणाली, "मग थांबा ना, जेवूनच जा."

*

मुलानं ऑनलाइन टाकलेल्या फोटोंचं पुढं बरंच काही झालं. फोटो नंतर तिथून उतरवले, पण बघणाऱ्यांनी बघितले होते. एक दिवस पुण्याहून एक गृहस्थ थेट घरी आले. पत्ता नानांच्या चिरंजीवांनी दिला होता, अजून कोण देणार! दाढी कोरलेली, हातात पांढरे मोजे. खोटं सांगत नाही, मोजे! ॲम्पला हात लावायला.

"मी व्हिंटेज इक्विपमेंट कलेक्ट करतो," म्हणाले.

"वाजवता काय?" मी विचारलं.

"मी वाजवत नाही. कलेक्ट करतो."

गुडघ्यांवर बसले, डब्याचा वास घेतला, पाठीमागं टॉर्च मारला. मग चेहरा एकदम पडला. "हा कोणी पुसलाय का?"

"दर रविवारी पुसते," सुनंदा अभिमानानं म्हणाली. "फिनेलच्या पाण्यानं."

गृहस्थांनी डोळे मिटले. "मॅडम, ती ओरिजिनल धूळ होती. पन्नास वर्षांची! तिच्यामुळे व्हॅल्यू असते!"

सुनंदाला फार वाईट वाटलं. आमच्या घरात पाहुण्याला नाराज करून पाठवायची पद्धत नाही. ती म्हणाली, "थांबा, मी पुन्हा लावून देते. माळ्यावर ह्याच्याहून जुनी आहे!"

*

नानांच्या डब्याचा एक गुण असा, की गुणगुण कमी पडली तर तो बाहेरचं गाणं घेतो. लांब वायर लावली की अधूनमधून त्यात रेडिओ लागतो. कुठलं स्टेशन, कधी, ते डबा ठरवतो.

आमच्या कॉलेजच्या प्रिन्सिपलांचा निरोप समारंभ होता. स्टेजवर फेटा बांधलेले प्रिन्सिपल, त्यांच्या सौ., सगळी मॅनेजमेंट. प्रमोद सरांनी ह्या प्रसंगासाठी स्वतः रचलेलं विरहगीत आणलं होतं. सात कडवी! सरांना गाताना मध्येच थांबायची सवय आहे. डोळे मिटतात, हात छातीवर, पूर्ण शांतता. त्याला ते 'भावनेला जागा देणं' म्हणतात.

तर तिसऱ्या कडव्याला सरांनी जागा दिली. सभागृह चिडीचूप. दोन बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आणि त्या जागेत डबा खणखणीत आवाजात बोलला, "कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचा प्रादुर्भाव वेळीच ओळखा!"

पोरं बाकांवर लोळायला लागली. मी वायर ओढायला धावलो. सर डोळे उघडून बबनकडे बघताहेत, बबन छताकडे. माझी नोकरी गेली, असं मी धरूनच चाललो होतो, कारण प्रिन्सिपल खुर्चीतून उठले होते आणि त्यांचा हात माझ्याकडे रोखलेला होता.

"वायर सोड!" ते ओरडले. "पुढचं ऐकू दे. माझी सहा एकर कपाशी आहे!"

मग अख्ख्या सभागृहानं पतंग पकडायचे कामगंध सापळे एकरी किती आणि कसे लावायचे, ते शांतपणे ऐकलं. शेवटी टाळ्या पडल्या. कार्यक्रमातल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या. सरांची चार कडवी राहिली ती राहिलीच, आणि त्याबद्दल ते आजही डब्याशी बोलत नाहीत.

*

ह्या सगळ्यात मला सर्वात जास्त राग येतो तो जाणकारांचा. हल्ली प्रत्येक पोरगं मोबाइलवर चार व्हिडिओ बघतं आणि कान घेऊन जन्माला आल्यासारखं बोलतं.

नाशिकचा एक जाणकार आमच्या तालमीला आला होता. डब्याला प्रदक्षिणा घातली. "ह्यात व्हॉल्व्ह नाहीत?" म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या त्या काचेच्या नळ्या.

"नाहीत. ट्रान्झिस्टर."

"अरेरे." अरेरे म्हणाला! "व्हॉल्व्हचा आवाज उबदार असतो. हा थंड वाटणार."

मे महिना होता. जळगावचा मे! पंखा गरम हवा फेकत होता, तिघांच्या बनियनी अंगाला चिकटलेल्या. बबननं कपाळावरचा घाम निपटला आणि म्हणाला, "थंड येतो? मग अजून वाढव ना, भो!"

जाणकार हसला नाही. म्हणाला, "मी डोळे मिटून सांगू शकतो, व्हॉल्व्ह कुठला आणि ट्रान्झिस्टर कुठला."

झालं! प्रमोद सरांनी त्याच्या डोळ्यांवर स्वतःचा रुमाल बांधला. मी डब्यातून वाजवलं. नुसता एक कॉर्ड, हळू. जाणकाराची मान डोलायला लागली. "आहाहा! हा बघा! ही ऊब! हा गोलवा! हा शंभर टक्के व्हॉल्व्ह! कुठून आणलात?"

आम्ही रुमाल सोडला. समोर डबा. लाल दिवा चालू. घरात दुसरा गिटारचा ॲम्प नव्हताच.

त्यानं रुमालाची घडी करून सरांना परत दिली. मग म्हणाला, "माझे डोळे बंद होते ना, त्यामुळे चूक झाली."

*

डब्याच्या पोटात खऱ्याखुऱ्या स्प्रिंगा आहेत, लांब आणि नाजूक. आवाज त्यातून फिरून येतो आणि मोठ्या देवळात वाजवल्यासारखा घुमतो. फक्त एक करायचं नाही. डबा चालू असताना त्याला हलवायचं नाही. हलवला की स्प्रिंगा आपटतात आणि वीज कोसळल्यासारखा आवाज होतो.

पाचोऱ्याला बबनच्या मावसभावाचं लग्न होतं. वरातीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर जनरेटर, आम्ही आणि डबा. पुढं नवरदेव आणि त्याच्या पुढं आतषबाजीवाला. सगळं ठीक चाललं होतं. मग आला गतिरोधक. आपल्याकडचे गतिरोधक तुम्हाला माहीत आहेत, त्याला रोधक म्हणणं म्हणजे कमीपणा आहे.

ट्रॉली उडाली. डबा उडाला. धडाम्!

नवरदेवाचे काका खाली बसले. एक आजी "मायवं!" म्हणून गटारीच्या पलीकडे गेल्या, आणि त्या वयात त्या कशा गेल्या ते अजून कोणाला समजलेलं नाही. वरात थांबली. नवरीकडचे लोक धावत आले, "कोणी फोडला? कोणाचा बॉम्ब?"

मी कबूल करायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतषबाजीवाला छाती काढून पुढं झाला. "आपला आहे. स्पेशल आयटम!"

त्याला तिथल्या तिथं तीन लग्नांचं बोलावणं आलं. आम्हाला एकही नाही.

*

आता ह्या वर्षीचं.

भडगावजवळ बबनच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती. मळ्यात मांडव. घराला मीटर अजून लागलेलं नव्हतं. "चिंता नको," बबन म्हणाला आणि वायर घेऊन विहिरीकडे गेला. पंपाच्या पेटीतून लाइन आणली.

पंपाची लाइन म्हणजे थ्री फेज. त्यातली एक तार आणि न्यूट्रल घेतला तर घरासारखी वीज मिळते. दोन्ही तारा फेजच्या घेतल्या तर जवळजवळ दुप्पट. हे मला फिजिक्सच्या लॅबमध्ये रोज दिसतं. पण मी तेव्हा कढी-खिचडीच्या रांगेत होतो.

मी येईपर्यंत बबननं बटन दाबलं होतं. लाल दिवा पांढरा झाला. डबा एकदाच मोठ्यानं "म्म्म्!" म्हणाला आणि गप्प झाला. मागून धुराची एक बारीक रेघ निघाली.

"बबन," मी विचारलं, "किती फेज घेतले?"

"दोन," बबन म्हणाला. "म्हटलं, आवाज डबल येईल."

मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहिता येत नाही. त्याच्या आईला मी अक्का म्हणतो, त्यामुळे काही शिव्या देता आल्या नाहीत, एवढंच. बबननं वायर गुंडाळली. भडगाव ते जळगाव डबा मांडीवर घेऊन बसला. जीपमध्ये जागा असताना.

खंडेनवमीला दीड महिना उरला होता.

*

शिरीषभाऊंनी डबा उघडला आणि पाचच मिनिटं बघून म्हणाले, "ट्रान्सफॉर्मर जळाला, ट्रान्झिस्टर गेले, अक्कल तुमची आधीच गेलेली होती."

पण माणूस कामाचा! पंपाच्या मोटारी भरणाऱ्याकडून ट्रान्सफॉर्मर नव्यानं गुंडाळून घेतला. जुने ट्रान्झिस्टर कुठून पैदा केले ते त्यांचं त्यांना माहीत. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी स्वतः चाळीसगावहून डबा घेऊन आले. मी बटन दाबलं. लाल दिवा लागला. गिटार लावली, वाजवली. तोच गोलवा, तीच कड. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच आलं.

मग मी वाजवायचं थांबलो.

काहीच नाही. पूर्ण शांतता.

"शिरीषभाऊ," मी म्हणालो, "गुणगुण कुठं गेली?"

"काढली!" शिरीषभाऊंचा चेहरा फुलला. "जुना ट्रान्सफॉर्मर सैल झाला होता, तो हलायचा. नव्याला वार्निश पाजलं, आवळून बसवला. आता कान लावा, टाचणी पडलेली ऐकू येईल!"

चाळीस वर्षं ह्या माणसानं 'एवढं काम मागनं करतो' म्हणून लोकांची कामं अर्धी सोडली होती. नेमकं हेच एक पुरं केलं!

"परत घाला," मी म्हणालो.

"काय?"

"गुणगुण. परत घाला."

शिरीषभाऊंनी माझ्याकडं असं बघितलं, की मी त्यांना बऱ्या केलेल्या माणसाला पुन्हा ताप आणायला सांगतोय. "वार्निश वाळलं," म्हणाले आणि चहासुद्धा न घेता गेले.

प्रमोद सर म्हणाले, "घाबरतोस काय? नानांना कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. गुणगुण काय ऐकू येणार! प्रश्नच मिटला."

मलाही पटलं. बबन तेवढा डब्यावर तळहात ठेवून बसला होता. भडगावच्या त्या दिवसापासून तो कशालाच काही बोलत नव्हता.

*

नाना आले. पिशवीत शेव, खिशात मशीन. कोणाकडे न बघता डब्यापाशी गेले. वाद्यं मांडलेली, पूजा झालेली. बबन डब्याच्या बाजूलाच त्याच्या बेसच्या छोट्या स्पीकरवर बसला होता, बेस मांडीवर, वायर लावलेली.

नानांनी बटन दाबलं. लाल दिवा.

"पानी आन."

सुनंदानं काठोकाठ ग्लास आणला. नानांनी तो डब्यावर ठेवला, स्टूल ओढलं, मान वाकवली. मी त्यांच्या कानाकडे बघत होतो. सर त्यांच्या कानाकडे बघत होते. नाना ग्लासाकडे बघत होते.

एक मिनिट झालं. नाना काही बोलेनात.

तेव्हा कुठं मी त्या ग्लासात बघितलं. पाणी हलत नव्हतं. दरवर्षी त्या पाण्यावर बारीक बारीक वर्तुळं थरथरत असायची, मी ती कित्येकदा बघितली होती आणि एकदाही बघितली नव्हती! म्हातारा कानानं तपासतच नव्हता. त्याला गुणगुण ऐकू येणं केव्हाच बंद झालं होतं. तो ती पाण्यात बघायचा.

संपलं! डबा गेला. नानांचा हात स्टुलाच्या कडेवर टेकला, उठायला टेकतात तसा.

आणि पाणी थरथरलं.

बारीक, एकसारखी वर्तुळं, कडेपासून मध्यापर्यंत. मी डब्याकडे बघितलं, मग बबनकडे. बबन छताकडे बघत होता, देवळात उभं राहावं तसा भाबडा चेहरा करून. त्याचा अंगठा बेसच्या जाड्या तारेवर होता. आवाज इतका बारीक ठेवला होता, की शेजारी उभं राहून मला तो कानाला नाही, पायाला कळत होता. आयुष्यात पहिल्यांदा बबनला एखादी गोष्ट आमच्या आधी समजली होती.

सरांनी श्वास रोखला. सुनंदा पदर तोंडाशी धरून उभी. बबन अंगठा हलवत राहिला. एवढा वेळ एकाच सुरात तो बारा वर्षांत राहिला नव्हता.

नाना पाण्याकडे बघत राहिले. बराच वेळ. मग त्यांनी मान हलवली.

"बराबर शे."

ते जेवले. शेवभाजी दोनदा घेतली. मी गाणं वाजवलं, त्यांनी कॅलेंडर डिसेंबरपर्यंत वाचलं. डबा न्यायचा विषयही निघाला नाही. आम्ही तिघं एकमेकांकडे बघून हसू दाबत होतो. केवढं फसवलं म्हाताऱ्याला!

रिक्षा आली. नानांनी दारात चपला घातल्या, पिशवी खांद्याला लावली. मग मागं वळले, बबनच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले,

"बबन, तुन्ही जाडी तार उतरेल शे. लाव तिले."